पक्षाचा वाढदिवस विचार

इंदूर

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

कम्युनिस्ट पक्षावरच्या तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचलं. अधिवेशन, ठराव, पुन्हा अधिवेशन. यात माणसं कुठे आहेत गं?

जुना कॉम्रेड भेटला की आधी पक्षाचा वाढदिवस विचार. ‘1925, कानपूर’ म्हणाला तर भाकपचा, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा, ‘1920, ताश्कंद’ म्हणाला तर माकपचा, म्हणजे मार्क्सवाद्यांचा. 1964 साली घर फुटलं आणि जन्मतारखेवरही एकमत राहिलं नाही. पुढाऱ्यांतले रणदिवे माकपकडे, डांगे भाकपकडे. दोघेही आपलेच, मराठी.

क्रांतीची भाषा बोलणारा पक्ष मतं मागायला कसा शिकला, हा तुझा प्रश्न. 1948 ची उठावाची हाक, 1951 मध्ये तेलंगणातल्या सशस्त्र शेतकरी लढ्याची माघार, पहिल्या लोकसभेत सगळ्यांत मोठा विरोधी गट, 1957 चं केरळ सरकार आणि 1959 मधली त्याची बरखास्ती, हे सगळं नीट आलंय. पण 1962 साली आपल्या इंदुरातून कामगारांचे पुढारी होमी दाजी लोकसभेवर गेले ते अपक्ष म्हणून! उभं शहर ज्याला लाल बावट्याचा माणूस म्हणून ओळखायचं, त्यानं पक्षाच्या निशाणीवाचून का लढावं? ते दिल्लीच्या दप्तरात शोधत बसू नकोस, परदेशीपुऱ्यात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, चार घरं फीर.

आणि आणीबाणी तू एका ओळीत उरकलीस. भाकपनं तिला पाठिंबा दिला, माकपनं विरोध केला. पुढे भाकपनं चूक कबूल केली, 1981 मध्ये तर डांग्यांनाच बाहेर काढलं. इथे चांगली चार पानं खर्च कर, संकोच नको. माझे मामा गिरणीत होते. त्यांचं पक्षाच्या वर्गणीचं पावतीपुस्तक माझ्याकडे आहे. दर महिन्याला दोन रुपये, निळ्या शाईत. जुलै 1975 पासूनच्या पावत्या कोऱ्याच. ते भांडले नाहीत, राजीनामाही दिला नाही, नुसते द्यायचे थांबले. घेऊन जा ते पुस्तक, पण कार्बन पेपर सांभाळ, तुकडे पडतात.

रविवारी दहाला ये. मालवा मिलच्या चौकामागे मामांच्या खात्यातले एकजण राहतात, 62 च्या प्रचारात भिंती रंगवलेले. हिंदीत सुरू होतील, मग रंगले की आपोआप मराठीवर येतील. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, उमर गेली, मागांच्या खडखडाटानं उजवा कान गेलाय. तू डावीकडे बस.

तुझा,
काका