हेजहॉग मीलवर्मशिवाय काही खात नाही आणि घर शाकाहारी: काय द्यावं?

प्रश्न लांब आहे, म्हणून आधी त्याचा गोषवारा. डॅलसमधलं शाकाहारी कुटुंब, चार महिन्यांचा आफ्रिकन पिग्मी हेजहॉग, तीन आठवड्यांपूर्वी ब्रीडरकडून आणलेला. आणला तेव्हा वजन २८० ग्रॅम, आता २६२. मुलगी रोज तीसेक जिवंत मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) देते, ते फस्त होतात. ब्रीडरने सोबत दिलेले कोरडे दाणे मात्र वाटीत तसेच पडून. शी हिरवट. एसी दिवसरात्र ७० वर. मीलवर्मवर भागेल का, पनीर, दूध, वरणभात चालेल का, आणि दुकानात 'हेजहॉग फूड' म्हणून मिळणाऱ्या पाकिटांपैकी कुठलं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

खाण्याकडे वळण्याआधी एसी बघा. ७० फॅरनहाइट म्हणजे २१ सेल्सिअस, आणि पिंजऱ्याच्या तळाशी त्याहून एखादा अंश कमीच. हा प्राणी मूळचा सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या आणि खाली झांबियापर्यंतच्या गवताळ भागातला. त्याला ७४ ते ८० फॅरनहाइट लागतं. गारठ्यात तो सुस्तावतो, खाणं टाकतो, पोट हाताला थंड लागतं, चाल डगमगते. ही शीतनिद्रेची धडपड असते आणि पाळीव पिग्मी हेजहॉगला ती झेपत नाही, जीवावर बेतते. त्यामुळे 'खात नाही' अशी तक्रार आली की पहिली शंका तापमानावर घ्यायची, अन्नावर नंतर. पिंजऱ्यावर सिरॅमिक हीट एमिटर (उजेड न पाडता ऊब देणारा दिवा) लावा, तो थर्मोस्टॅटला जोडा, आणि थर्मामीटरचं टोक भिंतीवर नाही, जिथे तो झोपतो तिथे ठेवा. हे न करता नुसते दाणे बदलत बसलात तर चार पाकिटं वाया जातील.

आता मीलवर्मचा हिशेब. मध्यम आकाराची एक अळी साधारण ०.१ ग्रॅमची, म्हणजे तीस अळ्या ३ ग्रॅम. ताज्या मीलवर्मच्या एका ग्रॅममध्ये जेमतेम २ कॅलरी. सगळं मिळून झाल्या ६. मोठ्या हेजहॉगला दिवसाला ७० ते १०० कॅलरी लागतात, आणि तुमचा तर अजून वाढीचा आहे. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं की बाळ पोटभर जेवलं, आणि प्रत्यक्षात ते उपाशी आहे. १८ ग्रॅम वजन गेलं ते यामुळेच, गारठ्याने त्यात भर घातली असणार.

मग अळ्याच दहापट द्याव्यात का? नाही. मीलवर्ममध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या दसपटीहून जास्त असतो आणि हवं असतं उलट, कॅल्शियम थोडं वरचढ. नुसत्या अळ्यांवर वाढलेल्या पिल्लाची हाडं कच्ची राहतात. शिवाय चरबी भरपूर. दोन्ही मिळून व्हायचं ते होतं: अंगावर मेद आणि आत पोकळ हाडं.

पायाभूत खाणं कोरड्या दाण्यांचं, म्हणजे मांजरांच्या चांगल्या किबलचं, आणि त्यावर किडे. अमेरिकेत पाळणारे बहुतेक याच वाटेने जातात. 'मांजराचं कशाला, हेजहॉगचं मिळतं की' हे वाटणं साहजिक आहे, पण पाकिटावर हेजहॉगचं चित्र असलं म्हणून आत त्याला साजेसं अन्न असेलच असं नाही. काही मिश्रणांत बेदाणे, सूर्यफुलाच्या बिया, सुकी फळं, शेंगदाण्याचे तुकडे घातलेले असतात. बेदाणे त्याला द्यायचेच नसतात. शेंगदाण्याचा तुकडा टाळूत अडकून बसतो, आणि मग तोंड उघडून बघेपर्यंत दोन दिवस तो उपाशी. प्राणिसंग्रहालयांसाठी खाद्य बनवणाऱ्या मझुरीचं कीटकभक्षींचं खाद्य हा सरळ पर्याय आहे, पण ब्रीडरकडे मांजराच्या दाण्यांवर वाढलेली पिल्लं त्याला तोंड लावत नाहीत अशी तक्रार नेहमीची.

पाकीट घेताना पुढची बाजू सोडा, मागची वाचा. पहिला घटक चिकन किंवा चिकन मील (वाळवून दळलेलं चिकन) असावा. मका किंवा गहू पहिला असेल तर परत ठेवा. मोठ्या हेजहॉगला ओलावा वगळून प्रथिनं ३० ते ३५ टक्के आणि चरबी १० ते १५ टक्के हवी. 'ओलावा वगळून' हे महत्त्वाचं, कारण छापलेले आकडे ओलाव्यासकट असतात. समजा पाकिटावर प्रथिनं ३०, चरबी १२, ओलावा १० लिहिलंय. मग उरलेल्या ९० ने भागायचं: ३० भागिले ०.९० म्हणजे ३३, १२ भागिले ०.९० म्हणजे १३. चालेल. डब्यातल्या ओल्या अन्नाचं हेच गणित केलं की डोळे उघडतात: प्रथिनं १०, चरबी ५, ओलावा ७८ असेल तर कोरड्या हिशेबाने प्रथिनं ४५ आणि चरबी २३. दिसायला पातळ, निघतं चरबीचं. आणखी एक मेख: चरबीचा छापलेला आकडा 'किमान' असतो, प्रत्यक्षात त्याहून जास्त असू शकते. म्हणून दर किलोला कॅलरी किती तेही बघा. ३५०० ते ३७०० ठीक, ४२०० च्या पुढे गेलं की ते मोठ्या हेजहॉगसाठी जड.

दाणा वाटाण्याहून लहान आणि चपटा असावा. जाड, गोल दाणे त्याच्या तोंडात फुटत नाहीत. माशाच्या चवीचे दाणे पौष्टिक असतील, पण शीचा वास दुसऱ्या खोलीत येतो, एवढं सांगून ठेवतो.

तुमचं पिल्लू अजून सहा महिन्यांचं झालेलं नाही, तोवर त्याला मांजराच्या पिल्लांचे दाणे चालतात, त्यात चरबी १८-२० टक्के असली तरी. सहा महिन्यांनंतर मोठ्यांच्या दाण्यांवर आणायचं. प्रमाण चमच्याने ठरवू नका, कारण एका पाकिटाचा चमचा ६ ग्रॅमचा तर दुसऱ्याचा ९ चा. किचनचा डिजिटल काटा घ्या. सध्या रोज रात्री नऊला २५ ग्रॅम मोजून ठेवा, सकाळी उरलेलं मोजा, वजाबाकी म्हणजे त्याने खाल्लेलं. या वयात वाटी रिकामी होऊ द्यायची नाही. मोठा झाला की १८ ते २० ग्रॅम, म्हणजे साधारण ६५-७० कॅलरी, आणि पुढचं त्याचं अंग बघून. काखेत पिवळसर गाद्या दिसायला लागल्या किंवा गोळा होताना तोंड पूर्ण आत जाईना, की २ ग्रॅम कमी करा. चाकावर रात्रभर पळणारा आणि कोपऱ्यात झोपणारा यांना एकच माप लागू नाही.

आता खरा पेच, अळ्यांची चटक सोडवायची कशी. 'भूक लागली की झक मारत खाईल' हे कुत्र्याच्या बाबतीत कदाचित खपेल, इथे नाही. हेजहॉग दोन दिवस उपाशी राहिला तर यकृतात चरबी साठायला लागते आणि मग तो खाऊ शकतच नाही. म्हणून अळ्या एकदम बंद करायच्या नाहीत.

ब्रीडरला विचारून तो जे दाणे देत होता तेच आधी आणा. हाताशी असलेलं पाकीट तीन आठवडे उघडं पडलं असेल तर खवट झालं असेल. पहिले तीन दिवस अळ्या तीसच. १० ग्रॅम दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, काट्याने मोडा, त्यात तीन-चार अळ्या चिरडून कालवा म्हणजे वास सगळीकडे लागेल. बाकीच्या अळ्या दाण्यांच्या भुग्यात घोळवून वरून ठेवा. अळी उचलताना भुगा तोंडात जातोच, युक्ती तीच आहे. शेजारी कोरड्या दाण्यांची दुसरी वाटी. भिजवलेलं चार तासांत उचला, ते आंबतं. कोरडं रात्रभर राहू दे. चौथ्या दिवसापासून अळ्या वीस, सातव्या दिवसापासून बारा, दहाव्या दिवसानंतर सहा-आठ, त्याही आठवड्यातून तीन-चारदाच. मात्र दाणे रोज किमान ८ ग्रॅम संपतायत असं काट्यावर दिसल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नका. अडला तर त्याच पायरीवर दोन दिवस थांबा. चिकनचं बेबीफूड अर्धा चमचा कालवलं तरी चालतं, फक्त त्यात कांदा-लसणाची पूड नाही हे लेबलवर बघा. ब्रँड बदलायचा असेल तर तो सगळं सुरळीत झाल्यावर, दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत.

या काळात तो नवीन वासाचं काही चावून तोंडाला फेस आणेल आणि मान वळवून तो फेस पाठीच्या काट्यांना लावेल. हा झटका नाही, विषबाधाही नाही. नव्या वासाशी हेजहॉग असंच वागतो. बघताना भयंकर दिसतं, एवढंच.

शाकाहाराबद्दल स्पष्ट बोलतो. हा कीटकभक्षी प्राणी आहे. त्याच्या आतड्याला अंधांत्र नाही, धान्य-भाजी आंबवून त्यातून पोषण काढायची सोय त्याच्यात नाही. पूर्ण शाकाहारी खाद्यावर तो जगवता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. घरात चिकनचं पाकीट नको असेल तर काळ्या सोल्जर माशीच्या अळ्यांपासून बनवलेले मांजरांचे दाणे मिळतात, त्यांचं लेबल वरच्याच हिशेबाने तपासा. नाहीतर डबा लाँड्रीरूममध्ये, चमचा-वाट्या वेगळ्या, इतकं पुरतं. जिवंत मीलवर्म लोक फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे त्या कोषात जात नाहीत. कोथिंबिरीशेजारी अळ्यांचा डबा आजीला पटणार नसेल तर पाचशेऐवजी शंभरच आणा आणि कोंड्यात, गाजराच्या चकतीवर, बाहेर ठेवा. दोनेक आठवड्यांत संपवा.

दूध नको, त्यातली साखर पचत नाही, हगवण लागते. पनीरमध्ये ती कमी असते पण चरबी जास्त. कमी चरबीचं कॉटेज चीज अर्धा चमचा कधीतरी, तेही शी नीट झाल्यावर. वरणभात नाही: मीठ, फोडणी, लसूण, आणि उरलेला सगळा स्टार्च. तुमच्या स्वयंपाकघरातून त्याला चालेल असं म्हणजे उकडलेलं रताळं, लाल भोपळा, फरसबी, मीठ न घालता, कुस्करून, पाव ते अर्धा चमचा. फळांत सालाशिवाय सफरचंद, कलिंगड, एखादी ब्लूबेरी, आठवड्यातून दोनदा. घरात अंडं चालत असेल तर उकडून कुस्करलेलं चमचाभर, आठवड्यातून एकदा. द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, अव्होकाडो, चॉकलेट, लिंबूवर्गीय फळं, सुकामेवा कधीच नाही. बद्धकोष्ठ झालं तर डब्यातला साधा भोपळा अर्धा चमचा. भोपळ्याचा 'पाय' हा गोड पदार्थ बनवायचा गोड, मसालेदार डबा शेजारीच असतो, तो उचलू नका.

किड्यांमध्ये मीलवर्मलाच चिकटून राहू नका. रातकिडे, म्हणजे दुकानातले 'क्रिकेट', चरबीला निम्मे आणि पकडायला पळावं लागतं, तो व्यायाम वेगळा. सोल्जर माशीच्या अळ्यांत कॅल्शियम मुळातच चांगलं. वॅक्सवर्म म्हणजे निव्वळ लोणी, वजन वाढवायचं असेल तेव्हा एक-दोन. किडे देण्याआधी एक-दोन दिवस त्यांना कॅल्शियमयुक्त खाद्य द्या: किड्याचं पोट भरलं की हेजहॉगला ते मिळतं. सुकवलेले मीलवर्म सोयीचे वाटतात, पण त्यात पाणी नाही, कवच तेवढंच, त्यामुळे पोट अडतं. बागेतले किडे नकोत. अमेरिकन लॉनवर कोण काय फवारून गेलंय ते सांगता येत नाही.

पाणी जड सिरॅमिक वाटीत, रोज बदलून. नळीच्या बाटलीत तोंड घालून दात दुखावल्याच्या तक्रारी येतात.

आणि हे मुलीसाठी: वाट्या आणि चाक स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. हेजहॉग निरोगी दिसत असतानाही शीतून साल्मोनेला पसरवतो. पाळीव हेजहॉगशी जोडलेल्या साथींबद्दल सीडीसीने (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने) २०१९ आणि २०२० मध्ये इशारे दिले होते. हाताळल्यावर साबणाने हात, आणि पापा घ्यायचा नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर आणखी जपून.

हिरवी शी नव्या घराच्या ताणाने आणि खाणं बदलल्याने होते, सहसा दोन-तीन दिवसांत जाते. तुमची तीन आठवडे टिकली आहे, म्हणून ताज्या शीचा नमुना छोट्या डबीत घेऊन एक्झॉटिक्स, म्हणजे असे वेगळे पाळीव प्राणी, बघणाऱ्या व्हेटकडे या आठवड्यातच जा. कुत्र्या-मांजरांचा नेहमीचा डॉक्टर याला बघेलच असं नाही, आधी फोन करून विचारा. वजन रोज संध्याकाळी, खाण्याआधी, एकाच भांड्यात. काटा २५२ च्या खाली आला, म्हणजे मूळ वजनाच्या दहा टक्के गेले, किंवा एक अख्खी रात्र त्याने अळ्याही नाकारल्या, किंवा शीमध्ये चिकट आव वा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दाखवा. जाताना दाण्यांचं पाकीट आणि आठवडाभराची वजनं लिहिलेला कागद बरोबर घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.