काठावरच्या अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली

प्रश्न : क्वांटम हॉल नमुन्यातल्या काठावरच्या अवस्थांचे चित्र एसटीएमने (स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने) का घेत नाहीत? (एम.एस्सी. पदार्थविज्ञान, अमळनेर)

उत्तर : क्वांटम हॉल नमुना म्हणजे अतिथंड, जोरदार चुंबकीय क्षेत्रातला इलेक्ट्रॉनांचा पातळ थर; काठावरच्या अवस्था म्हणजे त्याच्या कडेने वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या अवस्था. ग्राफीनवर (कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थरावर) त्यांची चित्रे घेतात. गॅलियम आर्सेनाइडमध्ये मात्र इलेक्ट्रॉनांचा थर पृष्ठभागाखाली साधारण ५० ते १०० नॅनोमीटर गाडलेला असतो. एसटीएमच्या सुईपासून पृष्ठभागाकडे झिरपणारा टनेलिंग प्रवाह तिथवर पोचतच नाही. म्हणून सूक्ष्मलहरी प्रतिबाधा सूक्ष्मदर्शक वापरतात. टोकदार सुईला सुमारे १ गिगाहर्ट्झचा संकेत देऊन परत आलेल्या संकेतावरून सुईखालची वाहकता काढायची.

चित्राआधी रोध मोजा, ही पायरी कधीच गाळू नका. इलेक्ट्रॉनांची घनता दर चौरस मीटरला ३×१०^१५ असेल तर भरणांक (चुंबकीय क्षेत्रात तयार होणाऱ्या ऊर्जापातळ्यांपैकी किती भरल्या तो आकडा) २ हा ६.२ टेस्लाला येतो. तिथे हॉल रोध (प्रवाहाला आडवा मोजलेला) १२,९०६ ओहम आणि अनुलंब रोध (प्रवाहाच्या दिशेने मोजलेला) जवळपास शून्य हवा. मग चुंबकीय क्षेत्र थोडे कमी करून स्कॅन करा. काठाकडे घनता उतरत जाते, त्यामुळे भरणांक २ ची असंपीड्य पट्टी (पातळ्या पूर्ण भरल्याने वाहकता जवळपास शून्य असलेली) काठालगतच सापडते. क्षेत्र वाढवत नेले की ती रुंद होत आत सरकते आणि ६.२ ला सगळा मध्यभाग व्यापते. पट्टी अशी सरकलीच नाही, तर दिसते ती बहुधा नमुन्याच्या कडेची उंचसखल.

सगळ्यात जास्त घात सुईच करते. सुई आणि नमुना यांच्या कार्यफलनात (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणाऱ्या ऊर्जेत) फरक असल्याने तिच्याखालचे इलेक्ट्रॉन हटतात किंवा गोळा होतात. तो फरक भरून काढणारा डीसी व्होल्टेज सुईला द्या. सुईचे नमुन्यापासूनचे अंतर राखायला दृश्य लेसर नको. उजेडाने वाढलेली घनता थंडीत तशीच टिकते. त्यापेक्षा क्वार्ट्झ ट्यूनिंग फोर्क (कंपनातल्या बदलावरून अंतर ओळखणारा चिमटा) बरा.

आणि हे चित्र वाहकतेचे आहे, प्रवाहाच्या वाटेचे नव्हे.