शेवाळाच्या अभ्यासात मुलीला भवितव्य आहे का?

सप्रेम नमस्कार.

आपले मालवणहून आलेले पत्र मिळाले. मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून समुद्री शेवाळापासून आहारातील प्रथिने मिळविण्याच्या क्षेत्रात तिला काम करायचे आहे, आणि ‘शेवाळावर कोणाचे पोट भरते?’ असे नातेवाईक विचारत असल्याने आपण चिंतेत आहात. आपली चिंता रास्त आहे. मात्र तिची निवड पोरकट नाही.

लाल शेवाळांपैकी पोर्फायरा गटातील काही जातींत सुक्या वजनाच्या एकतृतीयांशाहून अधिक प्रथिने आढळतात. जपानी नोरी, म्हणजे खाण्यासाठी सुकवलेल्या शेवाळाची पातळ पाने, याच गटातली, आणि याच गटातील एक जात पावसाळ्यात आपल्या कोकणच्या खडकांवरही उगवते. तपकिरी शेवाळात हे प्रमाण बहुधा १५ टक्क्यांच्या आतच असते. परंतु नोरीचे एक पान जेमतेम ३ ग्रॅम वजनाचे असल्याने त्यातून साधारण १ ग्रॅमच प्रथिने मिळतात, आणि पेशीभित्तिकांतील तंतूंमुळे तीही पूर्णपणे पचत नाहीत. म्हणून खरे काम शेवाळ ताटात वाढण्याचे नसून त्यातील प्रथिने वेगळी काढण्याचे, ती पचण्याजोगी करण्याचे, आणि आयोडीन व जड धातू मर्यादेत आहेत ना, हे तपासण्याचे आहे.

येथे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ज्या कप्पाफायकस या शेवाळाची लागवड होते, ती मुख्यतः कॅरॅजिनन या घट्टपणा आणणाऱ्या पदार्थासाठी. आपल्या स्वयंपाकघरातला चायना ग्रासही शेवाळाचाच, पण त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. त्यामुळे केवळ ‘शेवाळ-प्रथिने’ या नावावर बेतलेला एखादा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम तिने निवडू नये, असे माझे ठाम मत आहे.

त्याऐवजी रत्नागिरीजवळील शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातील चार वर्षांची बी.एफ.एस्सी. ही मत्स्यशास्त्राची पदवी मला अधिक योग्य वाटते, कारण तीत मत्स्यशेती, प्रक्रिया आणि सागरी जीवशास्त्र यांचा पाया पक्का होतो व नोकरीच्या इतर वाटाही खुल्या राहतात. पुढे वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेता येईल. रसायनशास्त्राची ओढ अधिक असेल, तर अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेऊन म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेकडे वळावे. शेवाळावरील संशोधनासाठी भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था महत्त्वाची आहे.

मुलीला ब्रिटिश शेवाळशास्त्रज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांच्याविषयी अवश्य सांगा. विवाहानंतर मँचेस्टर विद्यापीठातील अध्यापनाचे पद त्यांना सोडावे लागले, तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. पोर्फायराची एक अवस्था शिंपल्यांच्या कवचात वाढते, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले आणि त्यामुळे नोरीचे बीज कोठून येते हे कळून जपानमधील तिची अनिश्चित शेती खात्रीची झाली. त्या स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत, पण तेथील मच्छीमारांनी त्यांचे स्मारक उभारले आहे.

प्रवेशाचा निर्णय घेण्यापूर्वी आपण दोघांनी एक दिवस शिरगावला जाऊन प्रक्रिया विभागाची प्रयोगशाळा पाहावी, तेथील प्राध्यापकांशी बोलावे आणि मुलीला तिचे प्रश्न स्वतःच विचारू द्यावेत. परतल्यावर तिला काय वाटले, ते मला तिच्याच हस्ताक्षरात कळवा.