आतला नंबर आणि हातातला नंबर

प्रश्न : नमस्कार ताई. मिरजेत आम्ही दोघं मिळून पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करतो. सध्या सहा लॅब आमच्याकडे आहेत. रिपोर्ट तयार झाला की पेशंटला व्हॉट्सॲपवर लिंक जाते. लिंकच्या शेवटी त्या रिपोर्टचा डेटाबेसच्या टेबलमधला आयडी असतो, म्हणजे ४१८२, पुढच्याचा ४१८३. तोच आकडा पावतीवरही छापतो. माझा पार्टनर म्हणतो, आयडी बाहेर दिसताच कामा नये, सगळीकडे यूयूआयडी, म्हणजे संगणकाने बनवलेला लांबलचक ओळखक्रमांक, टाकू. काउंटरवरच्या मॅडम विचारतात, ती ३६ अक्षरं फोनवर कोण सांगत बसणार? कुणाचं ऐकू? (नाव छापू नये, ही विनंती.)

उत्तर : दोघांचंही ऐकायचं आहे, पण त्याआधी एक काम करा. चाचणीचे दोन रिपोर्ट पाठोपाठ तयार करा. पहिल्याची लिंक कधीच लॉगिन न केलेल्या फोनवर उघडा आणि शेवटचा आकडा एकाने वाढवा. दुसरा रिपोर्ट उघडला, तर आजच्या आज लिंक पाठवणं थांबवा आणि पाठवलेल्या बंद करा. चार दिवस लोकांना रिपोर्ट न्यायला लॅबमध्ये यावं लागलं तरी चालेल. कुणाची एचआयव्हीची तपासणी, कुणाची गर्भाची, अशा गोष्टी त्या आकड्यांमागे आहेत.

अमेरिकेत फर्स्ट अमेरिकन ही घर-जमिनीच्या मालकीहक्काचा विमा उतरवणारी मोठी कंपनी आहे. तिच्या वेबसाइटवरची सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रं अशीच उघडी असल्याचं मे २०१९ मध्ये बाहेर आलं. थेट २००३ पासूनची. लिंकमधला आकडा बदलायचा, की दुसऱ्याचा बँक खाते क्रमांक, दुसऱ्याच्या कर्जाचे कागद समोर. पासवर्ड कुणी विचारतच नव्हतं.

तुमचे पार्टनर इथेच थोडे चुकतात. यूयूआयडीचा अंदाज बांधता येत नाही हे खरं, पण रिपोर्टची लिंक घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड झाली की यूयूआयडीही तिच्याबरोबर जातो. मागणारा माणूस हा रिपोर्ट बघायला पात्र आहे का, हे सर्व्हरनेच दर वेळी तपासायला हवं. पेशंटच्याच मोबाइलवर ओटीपी पाठवा आणि लिंकला मुदत घाला. ही तपासणी झाल्यावरच आयडी लपवण्याला अर्थ येतो.

तरीही आयडी बाहेर देऊ नका असंच मी सांगेन, आणि त्याचं कारण मला वाळवा तालुक्यातल्या एका दूध संस्थेत कळलं. तिथलं सॉफ्टवेअर मी केलं होतं. सभासदांच्या टेबलचा आयडी तोच सभासद नंबर, असं मी सरळ ठेवलं होतं. काही वर्षांनी शेजारच्या गावची संस्था हिच्यात विलीन झाली. ३१८ दोन्हीकडे होता. मी शेजारच्या गावच्या सगळ्या आयडींत १००० मिळवले, बेरजा ताडून पाहिल्या आणि घरी आले.

पण ३१८ हा आकडा दूध कार्डावर होता, पशुखाद्याच्या उधारीच्या वहीत होता, किटलीच्या झाकणावर लाल ऑइलपेंटने रंगवलेला होता. शेजारच्या गावातल्या एका आजी पहाटे किटली पुढे करून नेहमीसारखं ‘तीनशे अठरा’ म्हणाल्या. संकलन करणाऱ्या मुलाने तेच दाबलं. दहा दिवसांचं त्यांचं दूध दुसऱ्याच घरच्या बिलात जमा झालं. बिल वाटपाच्या दिवशी मी पोहोचले, तेव्हा त्या पायरीवर बसून होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कार्ड दाखवत होत्या. त्यांचा नंबर बरोबरच होता. मी तो त्यांच्या हातात दिला, त्या दिवसापासून तो त्यांचा झाला होता, आणि माझ्या टेबलच्या सोयीसाठी मी तो बदलला होता. मग गाव आणि सभासद नंबर असे दोन वेगळे कॉलम केले, दोन्ही ३१८ ज्यांचे त्यांना परत दिले, आणि आतला आयडी पुन्हा कधी कुणाला दाखवला नाही.

तुमच्याही सहा लॅबपैकी दोन उद्या एकत्र येतील, डेटाबेस बदलेल. तेव्हा आतले आकडे बिनधास्त हलवता आले पाहिजेत. आधारचंच बघा. २०१८ मध्ये १६ आकडी व्हर्च्युअल आयडी आला. मूळ १२ आकडे न देता काम व्हावं, आणि दिलेला नंबर नकोसा झाला तर नवा घेता यावा, यासाठी.

प्रायमरी की, म्हणजे टेबलमधला तुमचा आतला आयडी, आहे तशीच राहू द्या, साधा वाढता आकडा. टेबलं जोडायला तो हलका पडतो. शेजारी एक कॉलम काढा, त्यात चौथ्या आवृत्तीचा, म्हणजे निव्वळ यादृच्छिक, यूयूआयडी भरा, त्याला युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तो पटकन सापडेल आणि दोनदा येणार नाही. लिंकमध्ये फक्त तोच. सातव्या आवृत्तीचा इथे नको. इंडेक्सला तो सोयीचा असतो, पण रिपोर्टची नोंद कधी झाली ती वेळ त्यातून वाचता येते.

मॅडमसाठी तिसरा नंबर. नुसते आकडे ठेवा, फोनवर बी, डी आणि पी सारखेच ऐकू येतात. सहा आकडे पुरतील, शेवटचा तपासणीचा, आधारमध्ये असतो तसा; म्हणजे सांगताना एक आकडा चुकला तर स्क्रीन लगेच सांगेल. हे नंबर सलग देऊ नका. समोरच्या लॅबवाल्याने १ तारखेला आणि ३० तारखेला एकेक सीबीसी (रक्तातल्या पेशींची साधी तपासणी) करून घेतली, तर दोन पावत्यांच्या वजाबाकीत तुमच्या गिऱ्हाइकाचा महिन्याचा धंदा त्याला कळतो. आणि या नंबरावर रिपोर्ट नुसता सापडावा, उघडू नये.

तुमचं स्वतःचं, लॅबला जाणारं जीएसटीचं बिल वेगळं धरा. तिथे सलग क्रमांकच लागतो, १६ अक्षरांच्या आत. तोही ऑटो इन्क्रिमेंटवर, म्हणजे डेटाबेस आपोआप देतो त्या पुढच्या आकड्यावर, सोडू नका. एंट्री मध्येच रद्द झाली की तो आकडा परत मिळत नाही, आणि मधलं बिल कुठे गेलं असं सीए विचारतात.

राहिल्या आधी छापलेल्या पावत्या. जुन्या लिंका मेल्या तरी चालतील, जुने नंबर मरू देऊ नका. ‘जुना पावती नंबर’ असा कॉलम करून आजवरचे सगळे आयडी, लॅबच्या नावासकट, त्यात उतरवून ठेवा. दोन वर्षांनी कुणी घडी पडलेली पावती घेऊन काउंटरवर आलं आणि ‘४१८२’ म्हणालं, तर मॅडमना तो रिपोर्ट सापडला पाहिजे.