कॅम्पर व्हॅनची एक बॅटरी आणि चार्जिंगच्या अनेक वाटा: वाचकांची प्रश्नोत्तरे

सांगली-सातारा भागात टेम्पो ट्रॅव्हलर किंवा पिकअपवर राहण्याची सोय करून घेणाऱ्यांची संख्या वाढली, तसे आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये येणारे प्रश्नही बदलले. पूर्वी ‘सोलर बसवावे का’ असे विचारले जाई. आता ‘एक सोलर आहे, दुसरे कसे जोडू’ असे विचारले जाते. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. सर्व ठिकाणी बॅटरी 12 व्होल्टची धरली आहे. कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून चार्जिंग सांभाळणारे यंत्र; एमपीपीटी हा त्याचा एक प्रकार. ट्यूब्युलर म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी लेड-ॲसिड बॅटरी.

प्रश्न (कराड): माझ्या व्हॅनच्या टपावर 165 वॅटची दोन पॅनेल असून ती 30 अँपिअरच्या एमपीपीटी कंट्रोलरला जोडलेली आहेत. आता 120 वॅटचे घडीचे पॅनेल घेतले आहे, त्याच्या पाठीमागे स्वतःचा छोटा कंट्रोलर आहे. बॅटरी 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर आहे. घडीच्या पॅनेलची वायर टपावरच्या कंट्रोलरमध्येच जोडली तर चालेल का?

तसे जोडू नका. दोन्ही कंट्रोलर एकाच बॅटरीला खुशाल जोडा, पण एका कंट्रोलरमधून निघालेली वायर दुसऱ्या कंट्रोलरच्या पॅनेलच्या टर्मिनलला कधीही देऊ नका. शेततळ्यात विहिरीचे आणि बोअरचे असे दोन पाइप सोडतो तेव्हा दोन्हींचे पाणी तळ्यात येऊन मिळते. एका मोटरचे पाणी दुसऱ्या मोटरच्या सक्शनला कोणी जोडत नाही. येथे तळे म्हणजे बॅटरी.

कारण असे, की एमपीपीटी कंट्रोलर आपल्या पॅनेलचा व्होल्टेज सतत थोडा वरखाली करून जास्तीत जास्त वॅट कोठे मिळतात हे शोधत असतो, आणि त्याला काम सुरू करण्यासाठी पॅनेलकडून बॅटरीपेक्षा काही व्होल्ट जास्त मिळावे लागतात. घडीच्या पॅनेलमागचा कंट्रोलर मात्र 13-14 व्होल्टच्या आसपासच देतो, शिवाय त्याला समोर बॅटरी दिसली नाही तर तो नीट चालतही नाही. म्हणजे मोठ्याला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही आणि लहान गोंधळतो. म्हणून घडीच्या पॅनेलची वायर वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर किंवा बॅटरीजवळच्या बसबारवर, म्हणजे अनेक वायरी एकत्र जोडण्याच्या धातूच्या पट्टीवर, आणा. व्हॅन झाडाखाली उभी करून घडीचे पॅनेल उन्हात ठेवता येते, हा या वेगळ्या वाटेचा मोठा फायदा आहे.

दोन्ही कंट्रोलरचा करंट बॅटरीत एकत्र जातो, तेव्हा बेरीज पाहणे भाग आहे. टपावरची 330 वॅट चांगल्या उन्हात 20 ते 25 अँपिअर देतील आणि घडीचे पॅनेल सुमारे 6 अँपिअर. ट्यूब्युलर बॅटरीला साधारणपणे क्षमतेच्या दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्या बाबतीत 15 अँपिअर, फार तर 20 अँपिअर करंट मानवतो. फ्रिज आणि पंखा चालू असताना त्यांतील काही भाग परस्पर खर्च होतो. तरीही एमपीपीटीच्या सेटिंगमध्ये कमाल करंटची मर्यादा घालता येत असेल तर ती 15 वर ठेवा. बॅटरीच्या प्रकाराची निवड दोन्हीकडे एकच असावी आणि चार्जिंगचा वरचा व्होल्टेज बॅटरीवरच्या लेबलाप्रमाणे असावा.

प्रश्न (तासगाव): घराच्या छतावरून काढलेले 335 वॅटचे एक पॅनेल आणि 100 वॅटची दोन जुनी पॅनेल माझ्याकडे पडून आहेत. तिन्ही एकाच एमपीपीटीवर चालतील का?

चालतील, पण जोडणी विचारपूर्वक करावी लागेल. पॅनेलच्या मागच्या लेबलावरचे आकडे प्रथम लिहून काढा. 72 सेलच्या 335 वॅट पॅनेलचा चालू व्होल्टेज 37-38 आणि करंट 9 अँपिअरच्या जवळपास असतो. 36 सेलच्या 100 वॅट पॅनेलचा 18 व्होल्ट आणि साडेपाच अँपिअर. तिन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लावली तर करंट सर्वांत लहान पॅनेलच्या मापाने, साडेपाच अँपिअरवर अडतो आणि मोठ्या पॅनेलचे शंभराहून अधिक वॅट वाया जातात. तिन्ही पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, लावली तर मोठे पॅनेल 18 व्होल्टवर खेचले जाऊन निम्मे होते. मधला मार्ग असा, की 100 वॅटची दोन पॅनेल आपसांत सिरीजमध्ये जोडावीत, म्हणजे त्यांचे 36 व्होल्ट होतात, आणि ही जोडी मोठ्या पॅनेलच्या पॅरललमध्ये घ्यावी. व्होल्ट-दीड व्होल्टचा फरक राहतो, त्याने फारसे नुकसान होत नाही.

कंट्रोलर निवडताना मात्र मोकळ्या, म्हणजे काहीही न जोडलेल्या, पॅनेलचा व्होल्टेज पाहा. मोठ्या पॅनेलवर तो 46 च्या घरात असतो आणि थंडीत वाढतो, 25 अंशांच्या खाली प्रत्येक अंशाला सुमारे 0.3 टक्के. महाबळेश्वरला डिसेंबरात मुक्काम केला आणि पहाटे 5 अंश तापमान असले तर 46 चे जवळपास 49 व्होल्ट होतात. त्यामुळे 50 व्होल्ट मर्यादेचा स्वस्त कंट्रोलर घेऊ नये, 75 किंवा 100 व्होल्टचा घ्यावा. करंटच्या बाजूने 535 वॅट म्हणजे 40 अँपिअर होतात. 30 अँपिअरचा कंट्रोलर असेल तर तो जळणार नाही, पण भर दुपारी वरचे सोडून देईल.

एक गोष्ट विचारली नाही, तरी सांगतो. ते मोठे पॅनेल दोन मीटर लांब आणि वीस किलोहून जड असते. महामार्गावर 80 च्या वेगाने जाताना त्याखाली शिरणारा वारा ते उचलू पाहतो. नुसत्या गोंदावर विसंबू नका, फ्रेमला बोल्ट हवेतच. आणि खाली हवा खेळण्यास दोन बोटांची तरी फट ठेवा, कारण तापलेले पॅनेल कमी वीज देते.

प्रश्न (विटा): दोन कंट्रोलर एकाच लिथियम बॅटरीवर आहेत. एकावर 14.4 व्होल्ट दिसतात, दुसऱ्यावर 14.0. दुपारी पहिला फ्लोटमध्ये (भरलेली बॅटरी नुसती राखण्याच्या टप्प्यात) जातो आणि दुसरा एकटाच चार्ज करत राहतो. पहिला बिघडला आहे का?

बिघडलेला नाही, त्याची वायर बारीक असावी. कंट्रोलर बॅटरीचा व्होल्टेज आपल्याच टर्मिनलवर मोजतो, आणि वायरमध्ये जेवढा व्होल्टेज पडतो तेवढा तो बॅटरीच्या नावावर जास्त धरतो. कंट्रोलरपासून बॅटरी 3 मीटर असेल तर जाऊन-येऊन 6 मीटर तांब्याची तार झाली. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेतून 10 अँपिअर गेले की सुमारे 0.4 व्होल्ट पडतात, नेमका आपल्याला दिसतो तेवढा फरक. तीच तार 10 चौरस मिलिमीटरची केली तर 0.1 व्होल्ट पडेल. खात्री करून घेण्यासाठी दोन्ही कंट्रोलर चालू असताना मल्टिमीटरच्या पिना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवा, तोच खरा आकडा.

दोघांपैकी एक आधी थांबला म्हणून बॅटरीचे नुकसान होत नाही. सकाळी बॅटरी रिकामी असताना दोघेही पूर्ण जोराने काम करतात. दुपारनंतर बॅटरी भरत आली की कोणीतरी आधी हात आखडता घेतोच. लिथियम बॅटरी असल्यामुळे दोन्ही कंट्रोलरमधील इक्वलायझेशन (लेड-ॲसिड बॅटरीला अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणे) आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय बंद आहे ना, हे मात्र आजच पाहा. बॅटरी मॉनिटर बसवला असेल तर दोन्ही कंट्रोलरच्या निगेटिव्ह वायरी शंटच्या, म्हणजे मॉनिटरच्या करंट मोजणाऱ्या पट्टीच्या, बॅटरीपासून पलीकडच्या बाजूला हव्यात. त्यांतील एखादी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर गेली असेल तर तिचा करंट मॉनिटरच्या हिशेबातच येत नाही.

प्रश्न (मिरज): जुन्या ट्यूब्युलर बॅटरीला नवी लिथियम पॅरललमध्ये जोडून क्षमता वाढवावी का?

नाही. दोघींचे भरण्याचे आणि विश्रांतीचे व्होल्टेज वेगळे असतात, त्यामुळे एक दुसरीला सतत भरत राहते आणि कोणतेही सेटिंग दोघींना मानवत नाही. जुनी ठेवायचीच असेल तर तिच्यावर वेगळा भार आणि वेगळा कंट्रोलर द्या.

प्रश्न (पाटण): आमचे फिरणे कोयनेच्या बाजूला, तेही पावसाळ्यात. चार-चार दिवस ऊन पडत नाही. 330 वॅटची पॅनेल दुप्पट करावीत का?

मी तसे सुचवणार नाही. दाट ढगांखाली पॅनेलची वीज दहा ते पंचवीस टक्क्यांवर येते, म्हणून दुप्पट केलेल्या पॅनेलचेही दिवसअखेर हाती फार लागत नाही. 45 वॅटचा छोटा फ्रिज निम्मा वेळ चालला तरी दिवसाला 500 वॅट-अवरपेक्षा जास्त मागतो. आपण रोज गाडी चालवता, तेव्हा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारे यंत्र, ही आपली खरी दुसरी वाट आहे. अल्टरनेटरच्या विजेवर ही बॅटरी भरणारा 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर गाडी चालू असताना 400 वॅटच्या आसपास देतो. दीड तासाच्या प्रवासात फ्रिजचा दिवस निघतो.

पूर्वी येथे साधा रिले, म्हणजे इंजिन चालू असताना गाडीची आणि राहण्याच्या भागाची बॅटरी जोडणारा स्विच, लावून भागत असे. बीएस-6 गाड्यांत अनेकदा अल्टरनेटरचा व्होल्टेज गाडीचा कॉम्प्युटर वरखाली करतो, त्यामुळे रिलेने राहण्याच्या भागाची बॅटरी कधी अर्धवट भरते, तर कधी भरतच नाही. लिथियम बॅटरी तर इतका करंट ओढते, की खंबाटकी घाटात गाड्यांच्या रांगेत इंजिन मंद फिरत असताना, थंड करणारा पंखाही मंद असल्याने, अल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो. डीसी-डीसी चार्जर करंटला मर्यादा घालतो, म्हणून त्यावर झालेला खर्च योग्यच आहे. तो आणि सौर कंट्रोलर एकाच वेळी चालले तरी हरकत नाही. फक्त सर्वांच्या करंटची बेरीज बॅटरीच्या मर्यादेत बसवा. मुक्कामी विजेवर चालणारा चार्जर लावत असाल तर त्यालाही हाच हिशेब लागू आहे.

प्रश्न (जत): तीन ठिकाणांहून चार्जिंग येते, तर बॅटरीजवळ एकच मोठा फ्यूज पुरेल का? आणि घरात वापरतो तो एमसीबी चालेल का?

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो, म्हणून प्रत्येक वाटेला तिच्या वायरच्या मापाचा वेगळा फ्यूज हवा. तो बॅटरीच्या टोकाला, शक्यतो एका वितीच्या आत असावा, कारण वायर कोठे घासून शॉर्ट झाली तर आग लावण्याइतका करंट बॅटरीकडूनच येतो. घरगुती एमसीबी एसीसाठी बनवलेला असतो. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क तुटताना उडालेली ठिणगी विझते. डीसीमध्ये ती सहज विझत नाही आणि एमसीबीच्या आतच जळत राहू शकते. डीसीचा एमसीबी मागून घ्या आणि त्यावर प्लस-मायनसच्या खुणा असतील तर त्याप्रमाणेच जोडा.

अलीकडे एक कंट्रोलर माझ्या टेबलावर आला होता. बॅटरीच्या प्लस टर्मिनलभोवतीचे हिरवे प्लास्टिक तपकिरी होऊन फुगले होते, स्क्रू बोटाने फिरत होता आणि तारेचे निम्मे धागे थिंबलच्या (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीच्या) बाहेर काळे पडले होते. फ्यूज मात्र शाबूत होता. सैल जोडणीत करंट वाढत नाही, त्या एका ठिकाणी उष्णता वाढते, आणि फ्यूजला ती कळत नाही. म्हणून थिंबल पक्कडीने दाबू नका, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबून घ्या आणि वायर हाताने जोरात ओढून पाहा. जोडताना प्रत्येक कंट्रोलरला आधी बॅटरी आणि मग पॅनेल, काढताना आधी पॅनेल आणि मग बॅटरी, हा क्रम सोडू नका. जत-सांगलीसारख्या रस्त्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर झाले की सर्व स्क्रू पुन्हा आवळा, आणि भर दुपारी चार्जिंग जोरात असताना प्रत्येक जोडणीजवळच्या वायरच्या आवरणाला बोट लावून पाहा. बाकीच्यांपेक्षा जी गरम लागेल, तीच पुन्हा उघडायची आहे.