डॉक्टरताईला विचारा: वेचणी झाल्यावर नाही, आत्ताच दाखवा

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज मिळून ढीग जमला होता, त्यातले बरेचसे छातीची गाठ आणि हाडं या दोनच गोष्टींचे. खाण्यापिण्याने काय होतं, फवारणीने काय होतं, हे विचारणारे. सगळे छापणं शक्य नाही, सारखे होते ते एकत्र केलेत. पण सुरुवात एका पत्रापासून करते, कारण बाकीची पत्रं थांबू शकतात, हे नाही.

प्रश्न : ताई, माझं वय 43. आंघोळ करताना डाव्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते, पोळ्यापासून आहे. दुखत बिलकुल नाही. सासूबाई म्हणतात दूध गोठलं असंल, पण धाकटा पोरगा आता दहावीत आहे. वेचणी सुरू आहे, मजूर भेटून नाही राहिले. वेचणी झाली की दाखवलं तर चालंल का? (मारेगाव तालुका)

नाही चालणार ताई. पोळा होऊन अडीच महिने झालेत, आणि वेचणी म्हणजे पहिला वेचा, दुसरा वेचा, मग फरदड, ती संपता संपत नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. गाठ दुखत नाही म्हणून आपण निवांत राहतो, पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, दुखली असती तर एवढ्या बाया उशिरा आल्याच नसत्या.

माझी सख्खी आत्या अशीच तूर निघू दे म्हणत थांबली, मग हरभरा निघू दे, मग पोरीचं लग्न होऊ दे. आली तेव्हा गाठ फुटून ब्लाऊज चिकटत होता. मी तेव्हा डॉक्टरकी शिकत होते आणि तिने मला सुद्धा सांगितलं नव्हतं, लाजेपायी.

तुम्हाला घाबरवायचं नाहीये. छातीतल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण तुमची साधी आहे का हे सासूबाई सांगू शकत नाहीत आणि इथे बसून मीही नाही. डॉक्टर आधी हाताने तपासतील, मग सोनोग्राफी नाहीतर मॅमोग्राफी होईल, मग लागलं तर सुईने बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतील. सुई लागली की कॅन्सर पसरतो असं गावागावात बोलतात, त्याला घाबरून बायका परत जातात, तसं होत नाही. ग्रामीण रुग्णालयात जा, तिथून यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्राम-नागपूरला पाठवतील. राशन कार्ड, आधार कार्ड सोबत ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि शेक (रेडिएशन) बसतात, पैशाची भीती मनात धरून घरी बसू नका. एक दिवसाची मजुरी बुडेल, बुडू द्या.

बाकीच्यांसाठीही हे इथेच लिहिते. नवीन गाठ, छातीचं बोंड (स्तनाग्र) आत ओढलं जाणं, बोंडातून रक्ताळ पाणी, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झालेली कातडी, काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं की दाखवायचं. भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये छातीचाच पहिल्या नंबरवर आहे, 2022 मध्ये देशात सुमारे 1 लाख 92 हजार नवीन रुग्ण असल्याचा अंदाज आहे. मुंबईत टाटा हॉस्पिटलने गरीब वस्त्यांमधल्या दीड लाख बायांवर 20 वर्षं एक अभ्यास केला, मोठी मशीन नाही, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या त्यातल्या निम्म्या बायांना दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या, बस. 2021 मध्ये त्याचा निकाल छापून आला, 50 च्या वरच्या बायांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले होते. आपल्या उपकेंद्रातही 30 ओलांडलेल्या बाईची बीपी-शुगरसोबत तोंडाची आणि छातीची तपासणी करायची असते. सिस्टरला आपणच म्हणायचं, ताई माझी छाती तपासा. पहिल्यांदा जीभ अडखळते, दुसऱ्यांदा नाही.

प्रश्न : घरी फवारणीचं औषध असते. मी पाणी भरून देते, मालकाचे कपडे मीच धुते. आमच्या गल्लीत दोघींना छातीचा कॅन्सर झाला. हे औषधानंच होते का? (आर्णी)

एका बाईच्या गाठीकडे बोट दाखवून ही याच औषधाने झाली असं कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही, कारण वय, घरातला इतिहास, पाळी किती वर्षं चालली, मुलं किती आणि कधी, अंगावर किती पाजलं, वजन, दारू, अशा पुष्कळ गोष्टी एकत्र येतात. पण म्हणून औषधं निर्दोष आहेत असंही मी म्हणणार नाही. डीडीटीचं घ्या. मलेरियासाठी भिंतींवर मारायचे, आपल्या आया-आज्यांना तो वास अजून आठवतो. शेतीत त्याच्यावर 1989 मध्ये बंदी आली, आणि 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने डीडीटी माणसात कॅन्सर घडवत असण्याची बरीच शक्यता आहे अशा गटात टाकलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात बायकांचं जुनं साठवलेलं रक्त तपासलं, तर ज्यांच्या अंगात लहानपणी, म्हणजे 14 वर्षांच्या आत, डीडीटी जास्त गेलं होतं त्यांच्यात पुढे छातीचा कॅन्सर जास्त दिसला. म्हणजे छाती भरायच्या वयातलं विष जास्त जड जातं. म्हणून माझा जीव पोरींसाठी तुटतो, शाळेला सुट्टी म्हणून बारा वर्षाची पोर फवारलेल्या वावरात वेचणीला नेऊ नका हो.

आणि कॅन्सर राहू द्या बाजूला, 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या आसपास शेतकरी-मजूर गेले, ते आपण विसरायला नको. औषध कालवायला काठी घ्या, हात घालू नका. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका, वेगळ्या टोपल्यात, हातमोजे घालून धुवा, ते पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नका. फवारल्यावर लेबलवर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस वावरात शिरू नका. वेचताना ओटी पोटाला बांधलेली असते, कापूस छातीपोटाला घासतो, त्यामुळे वरून जाड पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा आणि घरी आल्यावर आधी आंघोळ, मग लेकराला जवळ घ्यायचं. एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितलीये, औषधाचा पाच लिटरचा डबा दोनदा निरम्याने धुतला आणि त्यात तेल भरून ठेवलं. धुतला तरी तो डबा विषाचाच राहतो, भोकं पाडून टाका त्याला. आणि चूल पेटवायला पन्नी (प्लास्टिकची पिशवी) जाळायची सवय सोडा, पन्नीच्या धुरात कॅन्सर करणारे पदार्थ असतात आणि फुंकायला आपणच वाकलेल्या असतो. तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या काय कमी पडल्यात का?

प्रश्न : सोयाबीन खाल्ल्यानं बायांना गाठी होतात असं मोबाईलवर आलं. आमच्या घरी पोत्यांनी सोयाबीन आहे. (वाशीम)

खा. सोयाबीनमध्ये बाईच्या हार्मोनसारखे दिसणारे पदार्थ असतात हे खरं आहे, त्यावरून ही अफवा उठली, पण ते आपल्या हार्मोनपेक्षा खूप कमजोर असतात, आणि चीन-जपानकडच्या बाया पिढ्यान् पिढ्या सोया खातात, त्यांच्या अभ्यासात कॅन्सर वाढलेला दिसला नाही, उलट थोडा कमीच. मला वाईट याचं वाटतं की अख्खा विदर्भ सोयाबीन पिकवतो आणि ते सगळं मार्केटला जातं, घरातल्या बाईच्या ताटात वरण पाण्यासारखं. फक्त कच्चं नको, पचत नाही. भिजवून, उकळून, वाळवून, थोडं भाजून गव्हासोबत दळा, नऊ किलोला एक किलो. पोळीला वास येत नाही, पोरं तोंड वाकडं करत नाहीत.

प्रश्न : वय 46. 37 व्या वर्षी पिशवी काढली. आता कंबर, पाठ, मांड्या दुखतात, निंदणाला बसलं की उठता येत नाही. दिवसभर राबते तरी हाडं कमजोर कशी? (पुसदजवळचं गाव)

ताई, आधी ऑपरेशनचा कागद शोधा. पेटीत, साड्यांच्या खाली, कुठेतरी असेल. त्यात पिशवीसोबत दोन्ही अंडाशय काढले असं लिहिलंय का हे कोणाकडून तरी वाचून घ्या. कारण हाडं धरून ठेवणारं हार्मोन अंडाशयात बनतं, ते 37 व्या वर्षी गेले असतील तर तुमची हाडं तेव्हापासूनच झिजायला लागली. पाळी आपोआप गेली तरी पुढची पाच-सात वर्षं हाडं भराभर झिजतात, आणि आपल्याकडे ती 46-47 च्या सुमारासच जाते. वयाच्या तिशीपर्यंत हाडांत जे साठलं तीच शिल्लक, पुढे फक्त खर्च, आणि आपल्या पोरींची ती शिल्लक भरायच्या आतच लग्न, बाळंतपणं सुरू होतात.

राबण्याने हाडाला फायदाच होतो. पण भिंत बांधायला गवंडी आहे आणि विटाच नाहीत असं चाललंय. हिशेब करू. बाईला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेल्यावर 1200. ज्वारीच्या तीन-चार भाकरी, पातळ वरण, भाजीचा उरलेला रस्सा आणि दोन-तीन कप चहा, सगळं मिळून तीनशेच्या आतबाहेर. घरात म्हैस असली तरी दूध डेअरीला, उरलेलं पोरांना. बाई सगळ्यांत शेवटी जेवते, हे हाडांच्या एक्सरेतसुद्धा दिसतं हो.

नाचणी आपल्याकडे पिकत नाही, दुकानात महाग, ती नसली तर हळहळू नका. तीळ घ्या, दोन मोठे चमचे भाजलेले तीळ म्हणजे दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम. शेवग्याचा पाला, दारात झाड असतं आणि आपण फक्त शेंगा तोडतो, 100 ग्रॅम पाल्यात तीनशेच्या वर. एक ग्लास दूध किंवा दोन ग्लास ताक. जवसाची चटणी आपली रोजची आहे, चालू ठेवा. भंडारा-गोंदियाकडच्या बायांनी तळ्यातली बारीक मासळी काट्यासकट खावी, त्या काट्यातच माल आहे. पालकाच्या भरवशावर मात्र राहू नका, त्यातलं कॅल्शियम अंगाला फार थोडं लागतं.

आता नडगीचं हाड, गुडघ्याच्या खाली पुढून, अंगठ्याने दाबून बघा. तिथे दाबल्यावर कळ जाते आणि उकिडवं बसून उठायला हात टेकावा लागतो, तर डी व्हिटॅमिन कमी असण्याची दाट शक्यता. एवढं ऊन आणि डी कमी कसं, असं सगळे विचारतात. वावरात आपण डोक्यापासून पायापर्यंत बांधलेल्या असतो, दुपट्टा, शर्ट, मोजे, आणि ते बरोबरच आहे, उन्हाळ्यात 45 डिग्रीत दुसरं काय करणार. मग आपली सावली आपल्या उंचीएवढी किंवा आखूड असते तेव्हा, उन्हाळ्यात साडेनऊला, हिवाळ्यात दुपारी, हात-पाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं. तांदूळ निवडा, तूर पाखडा, पण अंगणात. तपासून कमी निघालं तर डॉक्टर 60 हजार युनिटची पुडी देतात, ती बहुतेक आठवड्याला एक असते. एका बाईने ती ताकदीची पावडर समजून रोज घेतली, उलट्या होऊन अ‍ॅडमिट करावं लागलं, तेव्हा लिहून दिलं तेवढंच. आणि कॅल्शियमची गोळी जेवणासोबत, लोहाची लाल गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगाला लागत नाही.

साध्या उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं तर नुसतं प्लास्टर करून थांबू नका. माझ्या आईचं मनगट न्हाणीत घसरून मोडलं, ती 56 ची होती, सगळे म्हणाले शेवाळ होतं. शेवाळ होतंच, पण हाडही आतून पोकळ झालेलं होतं, ते कोणी तपासलं नाही आणि चार वर्षांनी खुबा मोडला.

प्रश्न : खर्ऱ्यातल्या चुन्यानं हाडं मजबूत होतात म्हणतात, खरं का? (चंद्रपूर)

नाही. चुन्यात कॅल्शियम असतं, पण खर्ऱ्यात तो असतो किती, आणि त्याच्यासोबत जाणारा तंबाखू हाडं पोखरतो, पाळी लवकर घालवतो. तोंडाच्या कॅन्सरचं तर सांगायलाच नको. नस (तपकीर), गुडाखू, मिसरी, सगळं त्यातच आलं. बाया लपून खातात, म्हणून डॉक्टर विचारतही नाहीत. मी विचारते.

प्रश्न : मोबाईल ब्लाऊजमध्ये ठेवल्यानं, काळी ब्रा घातल्यानं कॅन्सर होतो का? (तिघींनी विचारलंय)

काळ्या ब्राचा काही संबंध नाही. मोबाईलने छातीचा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. त्यापेक्षा अंगावर पाजणं मोठी गोष्ट आहे, सगळ्या मुलांचं मिळून जितके महिने पाजलं त्यातल्या दर 12 महिन्यांमागे धोका साधारण 4 टक्क्यांनी कमी होतो, 30 देशांतल्या अभ्यासांमधून निघालेलं आहे हे. सुनेला लवकर पावडरच्या दुधाचा डबा लावायला सांगू नका.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यानं पोरांचे दात पिवळे झाले, माझी मान वळत नाही. पाणी उकळून प्यावं का? (झरी जामणी)

उकळू नका, बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड (जमिनीतून येणारा क्षार) उकळून जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट घट्ट होतं. यवतमाळ, चंद्रपूर भागात खोल बोअरच्या पाण्यात ते बऱ्याच ठिकाणी जास्त आहे. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीडच्या वर पिऊच नये. वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं जाड दिसतात पण ठिसूळ होतात, सांधे आखडतात, आणि ज्या बाईच्या खाण्यात कॅल्शियम कमी तिला जास्त त्रास. पिण्या-स्वयंपाकाला उघड्या विहिरीचं तपासलेलं पाणी किंवा आरओचं घ्या, धुण्याभांड्याला बोअर चालेल. गावातल्या पाच बायांना पाणी तपासायच्या किटचं ट्रेनिंग देण्याची सरकारची योजना आहे, ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, त्यांच्याकडून फ्लोराइडच तपासून मागा, नुसतं पाणी पिण्यायोग्य असा शिक्का नको. जो आकडा येईल तो आणि तुमच्या मानेचा एक्सरे पुढच्या पत्रासोबत पाठवा, मी बघते.