काल रात्री किती वेळा उठलात?

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांना भेटायच्या या कामात पहिल्या आठवड्यात नऊ घरं केलीस, काळजी घेणाऱ्यावरचं ओझं मोजणारी झारिटची २२ प्रश्नांची यादी घेऊन बसलीस आणि नऊही घरांतून 'तसं काही नाही, चाललंय ठीक' एवढंच हाती लागलं. यादी चांगली आहे, टाकून देऊ नकोस. पण सासूचं किंवा वडिलांचं करताना ओझं वाटतं का, असं विचारलं की समोरची बाई आधी आतल्या खोलीकडे बघते, ऐकू तर गेलं नाही ना म्हणून. आपल्याकडे ओझं म्हणणं पाप. ती 'नाही हो' म्हणते आणि चहा टाकायला उठते.

यादी काढण्याआधी एकच विचारत जा. काल रात्री किती वेळा उठलात? यात कुणाची तक्रार करावी लागत नाही, आकडा तेवढा सांगायचा असतो. 'चार वेळा. नाही, पहाटेचं धरलं तर पाच.' बोलणं इथून सुटतं.

मला हे मिरजेतल्या एका घराने शिकवलं. आजींना स्मृतिभ्रंश, घरी सून आणि शाळेत जाणारी दोन मुलं. पहिल्याच भेटीत आजींच्या मनगटावर लालसर वळ दिसला. मी वहीत लिहिलं, 'रुग्णाला बांधून ठेवतात.' सुनेशी बोलताना माझा आवाज कडक झाला. तिसऱ्या भेटीला ती कप पुढे करत होती, बांगड्या मागे सरकल्या आणि तिच्याही मनगटावर तसाच वळ दिसला. जुन्या सुती साडीच्या काठाची पट्टी होती ती. एक टोक आजींच्या हाताला, दुसरं हिच्या. आजी रात्री कडी काढून माहेरी जायला निघायच्या, एकदा एसटी स्टँडपर्यंत पोचल्या होत्या. दिवसभर राबून हिला जाग यायची नाही, म्हणून ही पट्टी. अकरा महिने दोघी अशाच झोपत होत्या. मी ते वाक्य खोडलं. पण तीन भेटी त्या बाईने माझा तो आवाज ऐकून घेतला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग आम्ही दाराला घुंगरांची माळ अडकवली, कडी खाली उंबऱ्याजवळ बसवली, कारण आजी ती सवयीने वरच शोधायच्या. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, संध्याकाळी अंगणात फेऱ्या सुरू केल्या. पट्टी सुटली. आजी उठायच्या थांबल्या नाहीत, पण सुनेला दोन-तीन तासांची सलग झोप मिळू लागली.

आकडा कळला की कारणामागे लाग. लघवीसाठी उठत असतील तर गोळ्या बघ. लघवी होण्याची गोळी कुणी संध्याकाळी देत असेल, तर ती सकाळी चालेल का हे डॉक्टरांना विचारायला सांग. वेळ आपण बदलायची नाही. पायांना सूज असेल तर दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि रात्री लघवीवाटे जातं. दुपारी पाय उशीवर उंच ठेवून पडलं तर पुष्कळांना फरक पडतो. खाटेजवळ भांडं किंवा कमोडची खुर्ची, मोरीपर्यंत बारीक दिवा, वाटेतली पायपुसणी उचललेली, एवढ्याने पडणं बरंच टळतं. आणि कालपर्यंत शांत असलेला माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागला, तर 'वय झालं' हे ऐकून परत येऊ नकोस. लघवीचा जंतुसंसर्ग, कोंडलेलं पोट, पाणी कमी पडणं, नवी गोळी, यातलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर.

अंथरुणाला खिळलेल्यांना जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदला, असं आपण सहज सांगून येतो. रात्रीतून हे चार वेळा होतं, आणि करणारी सहाला उठून डबे भरते. हवेची गादी असेल तर रात्रीचं अंतर वाढवता येईल का, हे तिच्या वतीने तू डॉक्टरांना विचार.

मुंबईचे दीर, अमेरिकेतली नणंद यांना बोल लावू नकोस, त्यांच्याकडे रात्र माग. 'मदत करा' म्हटलं की प्रोटीन पावडरचे डबे येतात. 'दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आईजवळ तुम्ही झोपायचं' असं सांगितलं की माणूस हो तरी म्हणतो नाहीतर नाही. लांबच्यांनी रात्रपाळीच्या मावशींचे पैसे द्यावेत. ७० आणि त्यापुढच्या वयाच्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, तेही रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरच्या जागरणाचा खर्च घरालाच करावा लागतो. ज्येष्ठांच्या १४५६७ या मदतवाहिनीला रात्री आठनंतर कुणी नसतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ चोवीस तास चालतो, तो काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून ये.

काही घरांत खरोखर मारहाण, उपासमार असते. तिथे थकव्याची सबब ऐकू नकोस. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण तिथवर जाण्याआधी दोन्ही मनगटं बघ.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर. मला हे शब्द फार आवडतात. फक्त शुभंकर म्हटलेल्या माणसालाही रात्री तीनला राग येतो, आणि तो आला असं तिने तुला सांगितलं तर घाईने समजूत घालू नकोस. ऐकून घे.

सोमवारी तू त्या आजोबांकडे जाशील, ज्यांचा मुलगा 'सवय झालीय मला' म्हणाला. आजोबांसमोर त्याला काही विचारू नकोस. तो तुला सोडायला दारापर्यंत येईल. चप्पल घालायला जरा वेळ लाव.

तुझी,
ताई